दहापैकी दोन

"शुगर गेली का?" लग्नात, बँकेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, भेटेल तो हेच विचारतो. वजन उतरलेलं दिसतंच, त्यामुळे त्याबद्दल विचारावं लागत नाही. मी सांगते, "शुगर आहे, इन्सुलिन गेलं." समोरच्याचा चेहरा जरा पडतो. एवढं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं आणि शुगर आहेच? तोवर मजला येतो आणि पुढचं राहून जातं. ते इथे लिहिते.

जानेवारी २०२२ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, माझी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन आणि शुगर उतरवण्यासाठी करतात ती जठराची शस्त्रक्रिया, झाली. डायबेटीस तेव्हा अकरा वर्षांचा होता. उंची पाच फूट दोन इंच, वजन ८८ किलो. सकाळ-संध्याकाळ मिळून ४६ युनिट इन्सुलिन, वर तीन गोळ्या, आणि एवढं करून तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ९.१. इन्सुलिन घेणाऱ्यांना हे चक्र माहीत असतं. डोस वाढवला की भूक वाढते, भुकेबरोबर वजन, आणि वजन वाढलं की तोच डोस पुन्हा अपुरा. डाएट मी केलं नव्हतं असं नाही. दादरच्या दोन आहारतज्ज्ञांच्या फायली अजून कपाटात आहेत. दर वेळी पाच-सहा किलो उतरायचे आणि गणपती-दिवाळीच्या आसपास सव्याज परत यायचे.

तेवढ्यावर मी ऑपरेशनपर्यंत गेले नसते. लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन, म्हणजे किडनी बिघडायला लागली की गळणारं प्रोटीन, दिसायला लागलं, तिथे माझा धीर सुटला. बाबा गिरणीत होते. त्यांनाही डायबेटीस, आणि शेवटची वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. भायखळ्याच्या एका ट्रस्टच्या केंद्रात मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसलेली आहे. ती सुरुवात कशी होते ते मला रिपोर्टमधल्या आकड्यावरून समजत होतं. माझ्या डायबेटीसच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा पहिल्यांदा म्हटलं, "एकदा सर्जनना भेटून या. करायचंच असं नाही, पण ऐकून तरी घ्या."

सर्जनने वजनाआधी विचारलं, सी-पेप्टाइड केलंय का? नव्हतं केलेलं. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. त्यामुळे बाहेरून कितीही इन्सुलिन घेत असलात तरी तुमच्या स्वादुपिंडात अजून किती दम आहे, हे त्यावरून कळतं. माझं आलं १.६.

पुढच्या भेटीत त्यांनी लेटरहेड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ए, बी, सी, डी अशी चार अक्षरं एकाखाली एक लिहिली. ए म्हणजे वय. चाळिशीच्या पुढे, शून्य. बी म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा. माझा ३५.५, त्याचे दोन. सी म्हणजे सी-पेप्टाइड. दोनच्या खाली, शून्य. डी म्हणजे डायबेटीस किती वर्षांचा. आठाच्या वर, शून्य. खाली रेघ मारून त्यांनी बेरीज केली. "ताई, दहापैकी दोन."

"म्हणजे नापास."

"रिमिशनच्या पेपरात नापास. पण पेपर तेवढा एकच नाही."

ही चर्चा मला फार मोलाची वाटते. सर्जनकडे जाणाऱ्या प्रत्येक डायबेटीसवाल्याने ती मागून घ्यावी. जाहिरातीत 'डायबेटीसपासून मुक्ती' असं लिहिलेलं असतं. डॉक्टरांच्या भाषेत मुक्ती नाही, रिमिशन आहे. शुगरचं एकही औषध न घेता किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिला तर त्याला रिमिशन म्हणायचं, असं २०२१ मध्ये जगातल्या मोठ्या मधुमेह संघटनांनी ठरवलं. ते मिळणं बरंचसं ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं असतं. आजार दोन-चार वर्षांचा, इन्सुलिन सुरू झालेलं नाही, सी-पेप्टाइड चांगलं, अशा माणसाला शक्यता भरपूर. मी अकरा वर्षं उशिरा आले होते. आणि ज्यांना मिळतं त्यांच्याकडेही ते कायम राहील असं नाही. स्वीडनमध्ये ऑपरेशन झालेल्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून मोठा अभ्यास झालाय. त्यात दोन वर्षांनी ७२ टक्के डायबेटीसवाले रिमिशनमध्ये होते, पंधरा वर्षांनी ३० टक्के. दोन्ही आकडे सर्जनने स्वतःहून सांगितले. ७२ वर थांबले असते तर मी उठून आले असते.

मग मी विचारलं, दोन गुणांना मिळणार काय? ते म्हणाले, इन्सुलिन बहुतेक सुटेल किंवा खूप कमी होईल. शुगर कमी औषधात आटोक्यात येईल. बीपी, झोप, गुडघे सुधारतील. किडनी आणि डोळ्यांचं पुढचं नुकसान मंदावण्याची चांगली शक्यता आहे. स्वीडनच्याच अभ्यासात ऑपरेशनवाल्यांना डोळे-किडनीचे त्रास कमी झालेले दिसले होते. मला हवं होतं ते यात होतं. शुगर पूर्ण जावी हा माझा हट्ट नव्हता, मला ते स्टूल नको होतं.

धोकेही त्यांनी त्याच कागदावर लिहिले. पहिल्या महिन्यात मृत्यू, हजारात एक ते तीन. हे ऐकताना नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे. टाक्यातून गळती, शंभरात एखाद्याला, आणि झाली तर पुन्हा ऑपरेशन, आयसीयू. रक्तस्राव. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. हे सगळं सुरुवातीचं. नंतरचं म्हणजे जोडाच्या जागी अल्सर, आतड्याला पीळ, पित्ताशयात खडे, लोह-बी१२-कॅल्शियमची कमतरता, आणि जेवणानंतर शुगर अचानक घसरणं. शेवटचं मी नीट ऐकलंच नाही. शुगर वाढली म्हणून आलेल्या बाईला शुगर घसरण्याची काय भीती? त्याबद्दल पुढे.

मला स्लीव्ह हवी होती. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मैत्रिणीने तीच केली होती. तिच्यात जठराचा पाऊण भाग कायमचा कापून काढतात आणि लांबट नळी उरते, आतड्याला हात लावत नाहीत. ते मला सोपं वाटत होतं. पण एंडोस्कोपीत माझ्या अन्ननलिकेला ॲसिडने सूज आलेली दिसली, आणि स्लीव्हने ॲसिडिटी वाढू शकते. जुन्या डायबेटीसला बायपास जरा जास्त उपयोगी पडते, हेही होतं. बायपासमध्ये जठराचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करून तो थेट खालच्या लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, रस बनवतं, पण अन्न तिकडे फिरकत नाही. घरी सासूबाईंनी 'बायपास' एवढंच ऐकलं आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की हिच्या हार्टमध्ये ब्लॉकेज निघालं. ते निस्तरायला आठवडा गेला.

विम्याचं प्रकरण मात्र निस्तरता निस्तरत नव्हतं. आपल्या लोकांत कमी वजनालाही पोटाच्या आत चरबी जास्त साठते, म्हणून इथले सर्जन डायबेटीस असेल तर बीएमआय ३२.५ पासून ऑपरेशनचा विचार करतात. विमा नियमांत ती रेघ ३५ वर आहे, आणि सोबत अनियंत्रित टाइप २ डायबेटीस, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) यांपैकी काहीतरी हवं. काहीच नसेल तर ४०. म्हणजे ३४ बीएमआयच्या माणसाला डॉक्टर म्हणणार करा आणि विमा म्हणणार स्वतःच्या खिशातून करा. मी ३५.५ ला होते. कशीबशी आत.

आता गंमत बघा. विम्याला 'अनियंत्रित' डायबेटीस हवा होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांना नियंत्रित हवा होता, कारण शुगर चढलेली असताना जखम भरत नाही, जंतुसंसर्ग होतो. एचबीएवनसी आठच्या आसपास आणा, मग तारीख देतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी दोन-अडीच महिने इन्सुलिन वाढवून, भात जवळजवळ बंद करून तो ७.९ वर आणला. विम्याच्या आगाऊ मंजुरीची (प्री-ऑथ) फाइल गेली आणि उलट सवाल आला की ताज्या रिपोर्टप्रमाणे रुग्णाची शुगर सुधारते आहे, तर शस्त्रक्रियेची गरज स्पष्ट करावी. हॉस्पिटलच्या विमा डेस्कवरचा मुलगा थंडपणे म्हणाला, "मॅडम, जुने रिपोर्ट असतील तर सगळे आणा." सगळे होते. बँकेत नोकरी केलेल्या माणसाकडे कागद नसेल असं होत नाही. मागच्या सहा वर्षांचे एचबीएवनसी एका पानावर तारखेवार मांडले, डॉक्टरीणबाईंचं पत्र लावलं. मंजुरी आली. साडेचार लाखांच्या पॅकेजपैकी बराचसा भाग निघाला. नंतरच्या गोळ्या-व्हिटॅमिनं, प्रोटीन पावडर, डोळ्यांच्या तपासण्या यांतलं काही निघत नाही. ते आयुष्यभराचं आहे आणि खिशातलं आहे.

बाकी तपासण्या पटापट सांगते. टूडी इको, सोनोग्राफी, झोपेची तपासणी (मध्यम ॲप्निया निघाला, मशीन लावून झोपायला लागले), एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवर औषध. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं. त्यांनी कारण सांगितलं. अनेक वर्षं चढलेली शुगर एकदम खाली आली तर पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो. म्हणून आधी पाहायचं, आणि नंतरही वर्षभर पाहत राहायचं. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, दुःख झालं की खाता का? म्हटलं, आमच्याकडे आनंद झाला की खातात. त्या हसल्या, पण वहीत लिहून घेतलं.

ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस पातळ आहार असतो. यकृतातली चरबी उतरून ते लहान व्हावं, म्हणजे दुर्बिणीला जठरापर्यंत वाट मिळते. प्रोटीन शेक, ताक, डाळीचं वरचं पाणी, सूप. माझे हे दिवस नेमके संक्रांतीत आले. हळदी-कुंकवाला गेले की तिळगूळ हातात घ्यायचा आणि रुमालात गुंडाळायचा. खाणं कमी झाल्यावर इन्सुलिनही त्याच दिवसापासून कमी करावं लागतं. ते रोज फोनवर ठरत होतं आणि पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आलं. माझी एक गोळी डापाग्लिफ्लोझिन होती, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. ती तीन दिवस आधी पूर्ण बंद केली. उपाशीपोटी ती चालू राहिली तर शुगर नॉर्मल दिसत असताना रक्तात ॲसिड साठून माणूस गंभीर होऊ शकतो. त्यामुळे तुमच्या डायबेटीसच्या डॉक्टरांनी सर्जनशी स्वतः बोलायला हवं, चिठ्ठ्यांवर भागत नाही.

ऑपरेशनचं मला काय आठवणार. पोटावर पाच छोटी भोकं, बाहेर यायला अडीच-तीन तास, असं नवरा सांगतो. शुद्धीवर आले तेव्हा पोटऱ्यांना पट्टे बांधलेले, ते आळीपाळीने फुगायचे आणि सुटायचे. गुठळी होऊ नये म्हणून. संध्याकाळी सिस्टरने उभं केलं आणि कॉरिडॉरमध्ये चालवलं. मग हातात तीन रंगीत चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं दिलं. श्वास ओढून चेंडू वर न्यायचे. पहिल्या दिवशी एक चेंडूही जागचा हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गळती नाही अशी खात्री झाल्यावर पाणी सुरू झालं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे छोटं प्लास्टिकचं झाकण असतं, त्यात ३० मिली पाणी. ते एका घोटात प्यायचं नाही, पंधरा मिनिटं पुरवायचं. ओठ भिजले, जीभ भिजली, मग थोडं आत. ते छातीच्या मधोमध उतरताना मला ठिकाण दाखवता आलं असतं, इतकं स्पष्ट जाणवत होतं. झाकण संपलं की दुसरं. दिवसभर हेच काम. सिस्टर दर वेळी कागदावर उभी रेघ मारायची.

आणि दर चार तासांनी शुगर. १५२, १४६, १३८. घरी ४६ युनिट घेऊन मला सकाळी १८० दिसायचे. इथे जवळजवळ काहीच न घेता हे. किलो-दोन किलोही उतरलं नव्हतं तोवर. सर्जन राउंडला आले तेव्हा विचारलं. म्हणाले, एक तर खाणंच नाही, त्यामुळे यकृत शांत झालंय. दुसरं, अन्न आता लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचेल, तिथून जीएलपी-१ सारखी हार्मोन्स जास्त सुटतील आणि तुमचंच इन्सुलिन वेळेवर निघेल. डिस्चार्जला रात्रीचे १२ युनिट होते. तीन-चार आठवड्यांत तेही बंद झाले. पेन फ्रीजच्या दारात बरेच दिवस तसंच पडून होतं.

खाण्याचे टप्पे सगळ्या हॉस्पिटलांत साधारण सारखेच. पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, मग नेहमीचं. नेहमीचं म्हणजे दोन-तीन महिन्यांनी अर्धी वाटी. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं, आणि ती अर्धी वाटी भाताने भरली तर ते जाणार कुठून? म्हणून आधी मासा किंवा अंडं, मग भाजी, जागा उरली तर पोळीचा चतकोर. आम्ही कोकणातले, सुरमई-बोंबलावर मी तरले. शाकाहारी मंडळींचे यात फार हाल होतात. पनीर, सोया आणि पावडर यांवर दिवस काढावे लागतात. जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास नाही. पाव अजूनही नीट उतरत नाही. पहिल्या गुढीपाडव्याला श्रीखंडाचे दोन चमचे खाल्ले आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ. याला डम्पिंग म्हणतात, अति गोड एकदम आतड्यात उतरल्यामुळे होतं. तासाभर पडून राहिले की ओसरतं. त्यानंतर श्रीखंडाची आठवण मला फारशी येत नाही. या बाबतीत ते उपयोगीच म्हणायचं.

केस चौथ्या महिन्यात गळायला लागले, मुठीमुठीने. वजन वेगाने उतरतं तेव्हा गळतात, येतात परत. माझे आले, पण पहिल्याइतके दाट नाहीत. पित्तखड्यांसाठी सहा महिने गोळी होती. लोह मात्र गोळ्यांनी पुरलं नाही. पाळी अजून चालू, त्यात बायपास, फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलं. दोनदा शिरेतून लोह चढवून घेतलं. बी१२ चं इंजेक्शन ठरलेलं, कारण मेटफॉर्मिन या माझ्या शुगरच्या गोळीनेही बी१२ कमी होतं आणि बायपासनेही. कॅल्शियम सायट्रेटचं, आणि लोहापासून दोन तास लांब. मोबाइलवर गजर लावलेत. डोकं दुखलं की बँकेत कोणीतरी पर्समधून आयबुप्रोफेनची गोळी काढून देतं. ती मी घेत नाही. बायपासनंतर त्या जातीच्या वेदनाशामकांनी जोडावर अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. दाताच्या डॉक्टरांना, हाडाच्या डॉक्टरांना, प्रत्येकाला हे आपणच आधी सांगायचं असतं. ते विचारत नाहीत.

आता ती शुगर घसरण्याची गोष्ट. दुसऱ्या वर्षीचा श्रावण होता. सोमवारी एका सहकारी ताईंनी उपासाची खिचडी आणली, मीही वाटीभराहून कमीच घेतली. सव्वादोनला जेवले असेन. चारच्या सुमाराला कॅश मोजत होते. शंभराच्या नोटांचं बंडल मशीनमध्ये लावलं, आकडा आला, मी तो स्लिपवर लिहायला घेतला आणि लिहिताच येईना. समोरच्या आकड्यातला दुसरा अंक कुठला तेच समजेना. एसीखाली बसून पाठीवरून घामाचा ओघळ. काचेपलीकडचे गृहस्थ काहीतरी बोलत होते, त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. ड्रॉवरला कुलूप घालायचं एवढं मात्र हाताने सवयीने केलं. ग्लुकोमीटर पर्समध्ये होतं. ५२.

इन्सुलिन बंद, घसरवणारी कुठली गोळी नाही, एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. आमच्या शिपाईकाकांनी साखर घालून चहा दिला, मॅनेजरनी बिस्किटं. अर्ध्या तासात बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी दंडावर दोन आठवड्यांचा सेन्सर लावला. त्याच्या आलेखात जे दिसलं ते अकरा वर्षांच्या बोटं टोचण्यात कधी दिसलं नव्हतं. पोहे किंवा इडली खाल्ली की पाऊण तासात शुगर २२० च्या पुढे, आणि त्यानंतर तासा-दीड तासात ६० च्या खाली. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. तो झरकन आतड्यात उतरतो, शुगर उसळते, त्यावर इन्सुलिनचा लोंढा येतो आणि तो गरजेपेक्षा जास्त होतो. बायपासनंतर वर्ष-दोन वर्षांनी काहींना हे सुरू होतं. उपाय म्हणजे स्टार्च एकटा खायचा नाही, प्रोटीनच्या जोडीने आणि थोडा. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर अकार्बोजची गोळी, ती स्टार्चचं पचन सावकाश करते. हल्ली क्वचितच होतं. ग्लुकोजची पुडी मात्र पर्समध्ये असतेच, आणि विक्रोळीहून दादरला येताना लोकलच्या गर्दीत ती पटकन सापडावी म्हणून पुढच्या कप्प्यात.

हिशेब सांगायचा तर, वजन दीड वर्षात ६२ पर्यंत गेलं, आता ६६ ला स्थिरावलंय. एचबीएवनसी पहिल्या वर्षाअखेर ६.३, सध्या ६.८. दोन्ही मेटफॉर्मिनवर, म्हणजे रिमिशन नाही. दोन गुणांचा निकाल दोन गुणांसारखाच लागला. लघवीतलं अल्ब्युमिन नॉर्मलला आलं, आणि त्या रिपोर्टचा मी फोटो काढून भावाला पाठवला. झोपेचं मशीन परत केलं. बीपीची गोळी अर्धी झाली. डोळ्यांत सहा महिन्यांनी खरंच चार डाग वाढलेले दिसले. लेसर लागलं नाही, पुढच्या वर्षी स्थिर. दंडांची आणि पोटाची कातडी लोंबते, त्याचं कोणाला सांगावंसं वाटत नाही, पण आहे ते आहे.

ती स्लीव्हवाली मैत्रीण तेव्हा तीन वर्षांच्या डायबेटीसवर गेली होती, आणि तिची सगळी औषधं बंद झाली. पाचव्या वर्षी एक गोळी परत सुरू झाली, तेव्हा ती माझ्याकडे येऊन रडली. सगळं फुकट गेलं म्हणाली. मला तसं वाटत नाही. औषधाशिवाय नॉर्मल शुगरची चार-साडेचार वर्षं तिच्या किडनीला, डोळ्यांना मिळाली. ती कोणी परत घेऊ शकत नाही. पण तिला ऑपरेशनच्या आधी ७२ आणि ३० हे दोन्ही आकडे कोणी सांगितले नव्हते, आणि त्याचा मला राग येतो. 'डायबेटीस कायमचा बरा' असं बोर्डावर लिहून लोकांना बोलवायचं आणि पाच वर्षांनी त्याच लोकांना आपण कुठे कमी पडलो असं वाटायला लावायचं, हे बरं नव्हे.

२०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो हे शुगर आणि वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं, तेव्हापासून नवीन प्रश्न आलाय. "थोडं थांबली असतीस तर इंजेक्शनवर भागलं असतं ना?" असेलही. मी थांबले असते तर ती तीन वर्षं ४६ युनिटवर आणि त्या अल्ब्युमिनबरोबर काढली असती. आलं तेव्हा त्याची सर्वांत कमी ताकदीची कुपी ३,५०० रुपयांना होती, आठवड्याला एक, पुढची ४,३७५. बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं. ज्यांना ऑपरेशन नको किंवा झेपणार नाही त्यांच्यासाठी ते मोठीच सोय आहे, आणि माझ्या डॉक्टरीणबाईंचे काही पेशंट ऑपरेशननंतर वजन वाढलं म्हणूनही घेतात. माझा एचबीएवनसी ७ च्या वर गेला तर त्या मलाही तेच सुचवणार आहेत. मी नाही म्हणणार नाही.

गेल्या महिन्यात धाकटे दीर आले होते. डायबेटीस चार वर्षांचा, बीएमआय ३४, पोटाचा घेर त्याहून बोलका. वहिनी, करू का? म्हटलं, भावजी, आधी सी-पेप्टाइड आणि डोळे. मग सर्जनला विचारा की मला दहापैकी किती, आणि दहा वर्षांनी किती. विम्याचं आजच विसरा, तुम्ही ३५ च्या खाली आहात, पैसे घरचे लागतील. सिगारेट असेल तर ती आधी सुटली पाहिजे, नाहीतर अल्सर ठरलेला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, सिगारेटचं हिला सांगू नका. सी-पेप्टाइडचा रिपोर्ट अजून आलेला नाही.